वाट बघणारा खेळ

आडत दुकानातला कॉम्प्युटर उघडायचा असेल तर आधी नाकातोंडाला पदर बांधावा. झाकण काढलं की तुरीचं भुसकट, सोयाबीनची धूळ आणि एखादं मेलेलं पाखरू असं सगळं एकदम अंगावर येतं. तुळजापूरच्या लॉजवरून आलेल्या मशीनमध्ये कुंकू निघतं. काउंटरवरचा माणूस देवीचं दर्शन घेऊन येतो, कपाळाचा घाम पुसतो आणि त्याच बोटांनी कीबोर्ड बडवतो. असा एक कीबोर्ड मी दुकानाच्या पायरीवर धुवायला घेतला, तर पाणी लालभडक झालं आणि शेजारचे टेलर "म्याडम, हात कापला का काय?" म्हणत कात्री टाकून धावत आले.

कळंबला कॉम्प्युटर दुरुस्त करता करता मला सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातून डोकावायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी म्हणायचे, "मीच मिस्त्री." मग ते कॉम्प्युटरचा डबा काखेत धरूनच थोडा वेळ उभं राहायचं. काही परतसुद्धा गेले. जे थांबले त्यांची पोरं आता त्यांचे डबे घेऊन येतात, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

या अंकाच्या संपादकांनी सुचवलं होतं की आपल्या भागात कॉम्प्युटर कसा आला यावर लिहा. तो कसा आला ते सगळ्यांना माहीत आहे, एसटीच्या टपावरून आला. मला एका खेळाबद्दल लिहायचं आहे. खेळ म्हटल्यावर काही वाचक पान उलटतील. उलटू देत.

झालं असं की सोलापूरच्या एका ठोक व्यापाऱ्यानं माझ्या मालाबरोबर जुन्या खेळांच्या सीड्यांचं एक खोकं माझ्या गळ्यात मारलं. एकेक सीडी भेळेच्या पुड्याच्या भावाची. मी ती काउंटरवर मांडली. कॉलेजची मुलं यायची, पाकिटावरचं चित्र बघायची आणि हसायची. "म्याडम, हे काय, रांगोळी हाय का?" त्यांचंही बरोबर होतं. आताच्या खेळांत माणसाच्या भुवईचा केस न् केस दिसतो. या खेळांतली माणसं ठिपक्याठिपक्यांची, अंगठ्याच्या नखाएवढी. एकही सीडी खपली नाही.

ऐन उन्हाळ्यात, लग्नसराईत, माझ्या दुकानात दुपारी चिटपाखरू नसतं. अशा एका दुपारी मी स्वतःच एक सीडी लावून बघितली आणि अडकले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर एक मैदान असतं, बुद्धिबळाच्या पटासारखं घराघरांचं, पण त्यात नदी असते, पूल असतो, झाडी असते. तुमच्याकडे दहा-अकरा माणसांची टोळी असते. कुणी भालेवाला, कुणी धनुष्यवाला, कुणी जखमेवर औषध देणारा. बुद्धिबळातल्या प्याद्याला नाव नसतं, इथं प्रत्येकाला नाव असतं. प्रत्येक लढाईत तो काही शिकतो, थोडा बळकट होतो, पुढच्या लढाईला तोच माणूस शिकलेलं घेऊन उभा राहतो. आणि मेला की मेला. पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामी.

आणखी एक गोष्ट आहे आणि तीच मोठी. तुमची पाळी असेपर्यंत शत्रू हलत नाही. तुम्ही आपल्या सगळ्या माणसांना हलवायचं, मग "झालं" म्हणून बटण दाबायचं, मग शत्रू हलणार. ते बटण दाबेपर्यंत खेळ वाट बघतो. मी मधेच उठून चहा टाकायची, गिऱ्हाईकाच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढायची, पोस्टात जाऊन यायची. परत आले तरी शत्रू भाला उगारून जागच्या जागी उभाच. घरी, दुकानात, बँकेत, सगळीकडे मला कुणीतरी घाई करत होतं. माझ्यासाठी थांबून राहिलेली पहिली गोष्ट म्हणजे हा खेळ, हे मी लाजत सांगते आहे असं समजू नका. मला त्याचं अजून नवल वाटतं.

नवल आणखी याचं की हे सगळं किती थोडक्यात केलेलं होतं. कुठल्या तरी परदेशात दोघा-तिघांनी मिळून घरी बसून बनवलेला खेळ. भंगारात जायच्या लायकीच्या मशीनवर चालणारा, इंटरनेट न मागणारा. त्यातला माणूस जखमी झाला की गुडघा टेकायचा. म्हणजे काय, तर चार ठिपके खाली सरकायचे. पण त्या चार ठिपक्यांसाठी मी गिऱ्हाईक ताटकळत ठेवायची. मी मशीन उघडून बघणारी बाई, आतल्या प्रत्येक भागाचं काम मला माहीत. तरी हे कशानं होतं ते मला आजपर्यंत उघडून बघता आलेलं नाही.

सीड्या खपेनात म्हणून मी एक रीत पाडली. कुणी जुना कॉम्प्युटर विकत घेतला की सोबत एक सीडी फुकट द्यायची. किती दिल्या आणि कुणाला दिल्या ते मी विसरून गेले. नव्वद टक्के सीड्यांनी पुढं बाभळीला लटकून पाखरं हाकलली असणार.

गेल्या वर्षी सोजरमावशी आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर एक गाठोडं होतं. पंचावन्न-साठीच्या, काटक, हिरवं नऊवारी लुगडं, हातभर बांगड्या. तेरखेड्याहून एसटीनं, येरमाळ्याला गाडी बदलून आल्या होत्या, आणि सगळा रस्ता ते गाठोडं त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. गोधडी सोडली तर आत कॉम्प्युटरचा डबा.

"म्याडम, ह्यो टकटक करायलाय," त्या म्हणाल्या.

मी लावून ऐकलं आणि लगेच बंद केला. हार्डडिस्क, म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं ती तबकडी, जायच्या बेतात असली की असा आवाज करते. अशी तबकडी पुन्हा पुन्हा चालू करायची नसते.

"मावशी, आत महत्त्वाचं काय आहे? फोटो? मुलाची कागदपत्रं?"

"तसलं काय न्हाय. आत अकरा जणी हायत."

मला काही कळेना. त्यांनी मग शांतपणे सांगितलं. मुलगा पुण्याला कंपनीत लागला आणि कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. त्यात एक लढाईचा खेळ होता. दुपारची करमणूक म्हणून त्या बघायला लागल्या. "सात वर्सं झाली. अकराच्या अकरा जित्या हायत. एक बी मरू दिली न्हाय. डबा गेला तर जाऊ द्या म्याडम, त्या तेवढ्या भायेर काढा."

सीडी कुणी दिली होती, हे मी विचारलं. "तुमीच की," त्या म्हणाल्या.

आता त्या खेळात मी स्वतः पुलाच्या लढाईत दोन वर्षं अडकून पडले होते. दर वेळी तीन-चार माणसं गमवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अकराच्या अकरा? मला खरं वाटेना. मी म्हटलं, मावशी, माझ्या मशीनवर तोच खेळ आहे, जरा बसता का?

त्या बसल्या. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही. पण पडद्यावरच्या कुठल्या पाटीवर दाबल्यावर काय होतं ते जागेवरून पाठ होतं. वरून दुसरी पाटी मारायची, तिसरी औषधाची, सगळ्यात खालच्या पाटीला हात लावायचा नाही. माणसांची इंग्रजी नावं त्यांनी केव्हाच मोडीत काढली होती. दाढीवाला, चिलखतातला आडदांड सरदार पडद्यावर आला तर म्हणाल्या, "ही आमची कौसा. अशीच हाय अंगानं." घोडेस्वाराचं नाव चंपाबाई. गावच्या फटाक्याच्या कारखान्यात, शेडात त्यांच्याबरोबर कामाला बसणाऱ्या बायका होत्या त्या. शेड बंद पडलं आणि बायका पांगल्या, कुणी लेकीकडं, कुणी ऊस तोडायला. या इथं एकत्र राहिल्या.

आणि मग त्या खेळल्या. एकेका चालीला दहा-दहा मिनिटं. आडतीवरचे मुनीम प्रिंटर घ्यायला आले होते, तेही स्टूल ओढून बसले. मला सगळ्या जाणकारांनी शिकवलेलं होतं की माणसं एकमेकांना खेटून उभी करावीत, म्हणजे एकाला दुसऱ्याचा आधार होतो. मावशींनी सगळ्यात आधी ती गर्दी मोडली. प्रत्येकाला दुसऱ्यापासून दोन दोन घरं लांब नेलं.

"असं का?" मी विचारलं.

"शेडात दोघींच्या मधी चार हात सोडायचं. एकीचं पेटलं तर दुसरीला उठून पळाया येळ घावला पाह्यजे." माऊस धरलेला हात तसाच ठेवून त्या बोलत होत्या. "आन फटाक्यात दारू भरताना घाई करायची न्हाय. ह्यो खेळ बी घाई करत न्हाय, म्हणून मला आवडतो. मोबाईलवरचं नातवाचं खेळ बगितलं म्या. त्यात निस्ती पळापळ."

पुलाची लढाई तीन तास चालली. शत्रूचा आगीचे गोळे फेकणारा एक मांत्रिक असतो, त्याच्या एका गोळ्यानं शेजारशेजारची दोन-तीन माणसं एकदम भाजतात. माझी तिथंच वाट लागायची. मावशींच्या टोळीत एका गोळ्याला एकच माणूस सापडायचा, तोही पुढच्या पाळीला मागं यायचा आणि औषध घ्यायचा. शेवटी मांत्रिक पडला आणि माझी अकराच्या अकरा माणसं पुलापलीकडे उभी होती. मुनीमजी म्हणाले, "बाई, तुमी मिलिट्रीत पाह्यजे हुता." आयुष्यभर बारुदाजवळ बसून कमावलेली एवढी अक्कल कुणीतरी परदेशात बनवलेल्या खेळात चपखल बसते, हे बघून माझी मतीच गुंग झाली होती.

डबा ठेवून त्या गेल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी येते म्हणाल्या.

मरायला टेकलेली डिस्क एकदाच, अगदी सावकाश वाचायची असते आणि वाचता वाचता नव्या डिस्कवर उतरवून घ्यायची असते. दोन दिवस ते चाललं. सगळं उतरलं आणि जुनी डिस्क कायमची बसली. मावशींच्या खेळाची फाईल धड निघाली होती. आता यानंतरचा नियम मी आजवर शंभर जणांना दरडावून सांगितला असेल: उतरवून घेतलेल्या मालाची आधी आणखी एक प्रत काढून बाजूला ठेवायची, मगच त्याला हात लावायचा.

मी प्रत काढली नाही. मला त्या अकरा जणी बघायच्या होत्या.

खेळ उघडला. नवी लढाई नुकतीच सुरू होत होती, खेळाच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या वेशीपाशी दाटीवाटीनं उभ्या होत्या. काय त्यांचा रुबाब! सात वर्षं जगलेली माणसं. माझ्या कुठल्याही माणसानं असलं बळ कधी कमावलं नव्हतं. फक्त एक पाळी, म्हटलं, फाईल नीट चालते का ते बघायला हवंच की. कामाच्या नावाखाली माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो. मी कौसाला पुढं काढलं, चंपाबाईला उजवीकडं नेलं. औषध देणारी पांढऱ्या कपड्यांतली आणि एक धनुष्यवाली अशा दोघी मागं राहिल्या होत्या. झाडीच्या घरात उभं राहिलं की मार कमी लागतो, असं खेळच सांगतो. म्हणून मी दोघींना झाडाखाली नेलं. शेजारीशेजारी. आणि "झालं" म्हणून बटण दाबलं.

झाडीमागं मांत्रिक होता. एकच गोळा आला. धनुष्यवालीनं गुडघा टेकला. पांढऱ्या कपड्यांतली उठलीच नाही. आणि प्रत्येक पाळी संपली की हा खेळ आपला आपण सगळं लिहून ठेवतो, आधीचं लिहिलेलं पुसून. तेही त्यानं चोख केलं.

मी सरळ वायर उपटली.

वायर उपटण्यामागं कारण होतं. कॉम्प्युटरमध्ये पुसलेली गोष्ट लगेच पुसली जात नाही. ही जागा रिकामी झाली अशी नोंद फक्त होते आणि दुसरं काही तिथं येऊन बसेपर्यंत जुनं तिथंच पडून राहतं. मशीन चालू ठेवलं असतं तर कुणीतरी येऊन बसलंच असतं. मी डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि रिकाम्या जागा धुंडाळणारा प्रोग्राम लावला. त्याला सापडेलच असं काही नसतं. दहातल्या पाच वेळा चिंध्या हाती येतात.

बाजाराचा दिवस उजाडला तरी शोध संपला नव्हता. सकाळी अकराच्या गाडीनं मावशी आल्या. शेंगदाण्याची पोळी आणली होती माझ्यासाठी, फडक्यात बांधून. सापडेपर्यंत गप्प बसावं, सापडली तर सांगायची गरजच नाही, असं मनात येऊन गेलं. पण ती पोळी बघितल्यावर मला ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या.

"कोन गेली?"

"पांढऱ्या कपड्यांतली. औषध देणारी."

"शालन," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कुठं बसवली हुती?"

"झाडाखाली."

"एकटीलाच?"

"नाही. ती धनुष्यवाली आहे ना, तिच्या शेजारी."

"ती धनुष्यवाली म्या हाय," मावशी म्हणाल्या. "तिला काय झालं?"

"जखमी झाली. वाचली."

त्यांनी मान हलवली. "व्हय. तसंच झालं हुतं."

बाहेर रस्त्यावर बाजाराची गर्दी होती, मेथीवाल्या ओरडत होत्या. मावशींनी बांगड्या कोपराकडं सारल्या. मनगटापासून वरपर्यंत कातडी आवळलेली, चकचकीत होती. इतक्या बांगड्या कशाला, ते मला तेव्हा कळलं.

"चैताचं ऊन हुतं. पत्रा तापलेला, म्हनून समद्या शेडाच्या भायेर बसून भरत हुतो. शालन आपली तिच्या जागेवर, लांब बसली हुती, घामानं भिजून. म्याच म्हनलं तिला, कशाला उन्हात मरतीस, इकडं लिंबाखाली ये माज्यापशी. ती नगं म्हनत हुती. मुकादम वरडंल म्हनली. म्याच हाताला धरून आनली." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "कशानं पेटलं ते अजून कुनाला म्हाईत न्हाय. चार हात असतं तर ती उठली असती. नऊ दिस दवाखान्यात हुती."

सॉरी मावशी, असं पुटपुटले बहुतेक. सात वर्षं ही बाई रोज दुपारी माणसं एकमेकांपासून लांब करत बसली होती आणि मी तिला हुशारी म्हणत होते. हुशारी होतीच, पण ती कुठून आली होती!

आम्ही दोघी त्या प्रोग्रामकडं बघत बसलो. पोळी तशीच राहिली. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी उद्या या म्हणून परत पाठवलं. दुपारी शोध संपला. हजारो तुकडे, एकालाही नाव नाही. नेमक्या मापाचे चार निघाले. पहिला उघडला नाही. दुसरा उघडला तर माझाच बिघडवलेला. तिसरा उघडायला मी बटण दाबलं तेव्हा मावशींनी माझ्या दंडाला धरलं होतं, आणि बोटं चांगलीच रुतत होती.

वेस दिसली. दाटीवाटीनं उभी असलेली टोळी दिसली. मावशी पडद्यावर बोट टेकवून मोजायला लागल्या. कौसा, चंपा, गोदा... अकराव्याला बोट थांबलं. पांढरे कपडे.

"हाय," त्या म्हणाल्या. "हाय की."

मी आधी प्रत काढली. एक नाही, तीन काढल्या. आणि मग खुर्ची सोडून बाजूला झाले.

त्या बसल्या, डोळे पुसले, माऊस धरला. एकेका चालीला दहा मिनिटं लावणारी ही बाई या वेळी क्षणभरही थांबली नाही. कौसा नाही, चंपा नाही, पहिल्यांदा शालनला उचललं. झाडी जवळच होती. तिला वळसा घालून मावशींनी शालनला लांब, मोकळ्या रानात नेलं, जिथं आजूबाजूला कुणीही नव्हतं.

"बस तितंच," त्या पडद्याला म्हणाल्या. "लागू दे ऊन."